राष्ट्राची पत आणि धान्याचा सौदा

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आमचे शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढचे शिक्षण काय झाले ते तराजूच्या काट्यापाशी आणि रोजमेळाच्या वहीत. अशा माणसाने राष्ट्राराष्ट्रांतील आर्थिक सहकार्यावर लिहिणे विद्वानांस धारिष्ट्याचे वाटेल. तथापि ज्या विषयाची आज सर्वत्र चर्चा आहे त्याच्या मुळाशी पत, वचन आणि पुरवठा या तीनच गोष्टी आहेत, आणि त्यांच्याशी घाऊक धान्य व्यापाऱ्याचा संबंध रोजचा आहे. यास्तव आमच्या व्यापारी बंधूंपुढे चार विचार मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

९ व १० सप्टेंबर २०२३ रोजी नवी दिल्ली येथे जी-२० या प्रमुख अर्थसत्तांच्या गटाची शिखर परिषद भारताच्या अध्यक्षतेखाली भरली. युक्रेनमधील युद्धामुळे सभासद राष्ट्रांत उघड फूट असतानाही तेथे सर्वसंमत घोषणापत्र निघाले, आणि आफ्रिकी देशांचा संघ या गटाचा कायम सभासद झाला. त्याच वर्षी जानेवारीत भारताने विकसनशील देशांची स्वतंत्र परिषद भरवून त्यांची गाऱ्हाणी ऐकून घेतली होती. २०२६ साली ब्रिक्स गटाचे अध्यक्षपदही भारताकडे आले. या गोष्टींचा आम्हांस अभिमान वाटतो. आणि तो का वाटतो, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

आमचे बालपण नंदुरबारास गेले. तेथे वडिलांचे धान्याचे लहानसे दुकान होते. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळणारी, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आम्ही खाल्लेली आहे. तिची भाकरी थापताना तुटे आणि खाताना घशात अडके. आई एकही शब्द न बोलता ती वाढीत असे. वडीलधारी मंडळी त्याही आधीच्या, म्हणजे १९६५ व १९६६ च्या दुष्काळांच्या गोष्टी सांगत. १९५६ साली अमेरिकेशी पी.एल. ४८० या कायद्याखाली पहिला करार झाला होता. पुढे १९६६ या एका वर्षात देशास सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. त्या काळात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी हिंदुस्थानास द्यावयाच्या गव्हास एकदम मंजुरी न देता, थोड्या थोड्या मुदतीपुरतीच मंजुरी देण्याचे धोरण ठेवले होते. बंदरात जहाज लागले की महिना निभे, आणि पुढील महिन्याची चिंता तेथूनच सुरू होई. धान्य मिळत होते, हे खरे. अमेरिकेचे ते उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु पुढील जहाज सुटेल की नाही, हे दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवून जगणे म्हणजे काय, हे आमच्या पिढीने लहानपणीच पाहिले.

अशा स्थितीतही आपल्या देशाने जागतिक सहकार्याच्या कामी मागे राहणे पत्करले नव्हते. १९४४ साली ब्रेटन वुड्स येथे जागतिक बँक व नाणेनिधी यांचा पाया घातला गेला, तेव्हा देश परतंत्र होता. तरी रायगड जिल्ह्यातील नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख तेथील हिंदी शिष्टमंडळात होते, आणि मागास देशांच्या गरजांचा प्रश्न त्या शिष्टमंडळाने तेथे मांडला. १९५६ ते १९६७ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे मुख्य संचालकपद बिनय रंजन सेन या भारतीयाने सांभाळले, आणि १९६० मध्ये भूकमुक्तीची जागतिक मोहीम त्यांनीच सुरू केली. १९६८ साली व्यापार व विकास यांवरील संयुक्त राष्ट्रांची दुसरी परिषद दिल्लीस भरली. मात्र तेव्हा आपण नैतिक अधिकाराने बोलत होतो. कोठारात धान्य नव्हते. आडात नाही ते पोहऱ्यात येणार कोठून?

आज आडात पाणी आहे. १९५०-५१ साली देशाचे अन्नधान्य उत्पादन सुमारे ५ कोटी टन होते. २०२२-२३ साली ते ३२ कोटी टनांच्या वर गेले. जगाच्या बाजारात जो तांदूळ देशोदेशी विकला जातो, त्यातील सुमारे ४० टक्के तांदूळ अलीकडील वर्षांत एकट्या भारताचा असे. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले. ज्या बाजरी-ज्वारीस आणि आमच्या सुरतेशेजारच्या डांगातील ज्या नागलीस शहरी गिऱ्हाईक नाक मुरडीत असे, तिचे कौतुक परदेशी पाहुण्यांच्या ताटात झाले, हे पाहून आमच्यासारख्या जुन्या दाणेवाल्यास धन्यता वाटली. मिलोच्या भाकरीपासून येथवरचा प्रवास आमच्या एका आयुष्यात झाला आहे.

आता प्रश्न असा की, बाजारात माल सर्वांत अधिक असलेला मनुष्य बाजाराचा मुख्य आपोआप होतो काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास सुरतेसारखे दुसरे स्थळ नाही. सतराव्या शतकात याच नगरीत आपल्या समाजातील वीरजी व्होरा हा व्यापारी होऊन गेला. त्या काळी त्याची गणना जगातील अत्यंत धनवान व्यापाऱ्यांत होत असे. बाजारातील मिरीचा सारा साठा एकहाती उचलून इंग्रज वखारवाल्यांस आपल्या भावाने घेणे भाग पाडावे, इतकी त्याची शक्ती होती, आणि ती त्याने वापरलीही; ते आम्ही झाकून ठेवीत नाही. परंतु तेच इंग्रज पैशाची अडचण पडताच पुनःपुन्हा त्याच्याच दारी कर्जासाठी येत. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांच्या स्वारीत त्याच्या संपत्तीची मोठी लूट झाली. तरीही त्यानंतर इंग्रजांच्या पत्रांत, हा गृहस्थ अद्याप मोठे सौदे करण्यास उभा आहे, अशा अर्थाचा उल्लेख येतो. संपत्ती लुटली गेली तरी पत शिल्लक होती. माल दाबून ठेवण्याच्या बळाने त्याची भीती वाटत असेल. लोक पुन्हा त्याच्याकडे गेले ते मात्र त्याचा व्यवहार पुरा होतो या खात्रीने.

हा दृष्टांत मनात ठेवून २०२२ व २०२३ या दोन वर्षांकडे पाहावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले आणि काळ्या समुद्रातून येणारा गहू अडला. एप्रिलमध्ये आपल्या सरकारने जगास सांगितले की, जागतिक व्यापार संघटनेने परवानगी दिल्यास भारत आपल्या साठ्यातून जगास अन्न पुरविण्यास सिद्ध आहे. त्याआधीच्या वर्षात भारताने सुमारे ७० लाख टन गहू निर्यात केला होता. परंतु मार्च महिन्याच्या कडक उन्हाने दाणा बारीक पडला होता, सरकारी खरेदी घसरली, भाव चढले, आणि १३ मे २०२२ रोजी गव्हाची निर्यात बंद झाली. आश्वासनास एक महिना उलटला होता.

त्या दिवशी शुक्रवार होता. आमच्या पेढीने माळव्यात घेतलेल्या गव्हाच्या काही मालमोटारी कांडला बंदराच्या बाहेर रांगेत उभ्या होत्या. ज्या निर्यातदारास तो माल द्यावयाचा होता, त्याने सोमवारी सकाळी दूरध्वनीवरून सौदा रद्द केल्याचे कळविले. ज्यांच्याजवळ १३ मेच्या आधीचे बँकेचे पक्के पतपत्र, ज्यास बाजारात एलसी म्हणतात, ते होते, त्यांस सूट मिळाली. १७ मे रोजी, कस्टममध्ये १३ मेपर्यंत नोंद झालेल्या मालासही मोकळीक मिळाली. आमचा माल फाटकाच्या आत गेलाच नव्हता. मालमोटारींचे थांबणावळ भाडे भरून तो गहू आम्ही परत आणून पिठाच्या गिरण्यांस तोट्याने विकला. माळव्यातील आडत्यांनी भाव कमी करून देण्याची तयारी दाखविली होती. ती आम्ही घेतली नाही. कारण त्यांनी शेतकऱ्यास पूर्ण भाव आधीच चुकता केला होता. हे सांगण्यात बढाई नाही. आपल्या मंडळातील पुष्कळ पेढ्यांनी तसेच केले. प्रश्न एवढाच की, सुरतेतील एक सामान्य व्यापारी सौद्याचा शब्द पाळण्यास बांधलेला आहे, तर ज्या राष्ट्रास जगाचे नेतृत्व करावयाचे आहे त्याने कोणत्या शब्दास बांधलेले असावे?

पुढे हाच प्रकार तांदळाच्या बाबतीत झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये तुकडा तांदळाची निर्यात बंद झाली. २० जुलै २०२३ रोजी बासमतीखेरीज सर्व पांढऱ्या तांदळावर बंदी आली, आणि ऑगस्टमध्ये उकड्या तांदळावर २० टक्के निर्यात कर बसला. जगातील तांदळाचे भाव त्या महिन्यात पंधरा वर्षांतील उच्चांकास पोहोचले. आमच्याकडील तुकडा येथे पशुखाद्यास आणि मद्यार्कास जातो. सेनेगलसारख्या देशांत तोच गरिबांच्या रोजच्या पातेल्यात शिजतो. ऑगस्टमध्ये भाव उच्चांकास गेले, आणि सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या मंडपात आफ्रिकेच्या संघास मानाने आसन देण्यात आले. एका हाताने पाट मांडला आणि दुसऱ्या हाताने ताट आवरले, असे कोणी पाहुण्याने म्हटले असते, तर त्यास उत्तर देणे आम्हांस तरी अवघड गेले असते. काही देशांस सरकारमार्फत ठराविक कोटा देण्यात आला, हे नमूद करणे न्यायाचे आहे. अफगाणिस्तानास ५० हजार टन गहू देण्याचे वचन दिले होते आणि त्याची पहिली रांग फेब्रुवारी २०२२ मध्ये अटारीहून निघाली, हेही विसरता येत नाही. पांढऱ्या तांदळावरील ही बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. सुमारे ८० कोटी लोकांस रेशनवर धान्य देण्याचे दायित्व ज्या सरकारवर आहे, त्याने आधी घरच्या चुलीकडे पाहावे, यात वावगे काही नाही. आधी पोटोबा मग विठोबा, ही म्हण आपल्याच पूर्वजांची आहे. शिवाय सरकारला एवढी घाई का करावी लागते, याचे एक उत्तर आपल्या गोदामांत आहे. भाव चढणार अशी कुणकुण लागताच पोती दाबून ठेवण्याचा मोह आपल्यापैकी किती जणांस आवरतो? २०२२ च्या एप्रिलमध्ये आम्ही स्वतः काही गहू आणखी चढत्या भावाच्या आशेने पंधरा दिवस अडवून ठेवला होता. तो वेळीच निघाला असता तर कांडल्याच्या रांगेत अडकला नसता. आपल्या लोभाची ही शिक्षा आम्ही वहीत तोट्याच्या बाजूस मांडली आहे. १२ जून २०२३ रोजी घाऊक व्यापाऱ्यांस ३,००० टनांची गव्हाची साठामर्यादा घालण्यात आली, तेव्हा आपल्या बाजारात मोठा संताप झाला. परंतु सरकारने व्यापाऱ्यावर अविश्वास दाखविला म्हणून चिडणाऱ्या आपण, त्या अविश्वासास कारण दिलेच नाही, असे छातीवर हात ठेवून म्हणू शकतो काय?

तेव्हा, घर आधी की जग आधी, हा वाद आम्ही घालीत नाही. घर आधीच. आमचा आक्षेप आहे तो रात्रीतून फिरणाऱ्या नियमास. तसा नियम दुसऱ्याने आपल्यावर लादला तेव्हा आपणांस काय वाटले, ते आठवून पाहावे. २८ एप्रिल २०२२ रोजी इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली. सुमारे साडेतीन आठवड्यांनी ती पुन्हा सुरू झाली. आपला देश खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणतो. त्या दिवसांत सुरतेतील फरसाणवाल्यांपासून गृहिणींपर्यंत सर्वांनी त्या देशास बोल लावले; आणि दोनच आठवड्यांनी आपण स्वतः गहू बंद केला. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर प्रथम २५ टक्के आणि २७ तारखेपासून आणखी २५ टक्के, असा एकूण ५० टक्क्यांपर्यंत आयात कर चढविला. ते दर पुढे बदलले; परंतु त्या आठवड्यांत सुरतेच्या हिरेबाजारात आणि कापडबाजारात केवढी चिंता पसरली होती, हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही. ज्यांचा त्या निर्णयात काडीचाही हात नव्हता, असे घंटीवर बसणारे कारागीर उद्या काम मिळेल काय, असे विचारीत होते. डाकारच्या एखाद्या तांदूळ व्यापाऱ्याने आणि त्याच्या गिऱ्हाईकाने २०२२-२३ साली आपल्याविषयी हेच विचारले असेल, ही गोष्ट आम्हांस तेव्हा सुचली नाही. ऑगस्ट २०२५ नंतर मात्र ती मनातून जात नाही.

यात केवळ भूतदयेचा प्रश्न नाही, हिशेबही आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये कांद्याची निर्यात एकाएकी बंद झाली, तेव्हा बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीतच, निदान आधी सूचना तरी द्यावयाची होती, अशी हसत हसत तक्रार केली होती. त्यानंतरही २०२० मध्ये आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा कांदाबंदी झाली. लासलगावच्या शेतकऱ्याचे नुकसान तर झालेच. पण शेजारच्या गिऱ्हाईकाने दुसरी दुकाने शोधण्यास आरंभ केला. दुकानाचे दार अवेळी बंद दिसू लागले की गिऱ्हाईक भांडत बसत नाही, पलीकडच्या दुकानी जाते. २००७-०८ मध्येही आपण साधा तांदूळ बंद केला होता आणि ती बंदी २०११ पर्यंत टिकली. वारंवार घडणाऱ्या गोष्टीस अपवाद म्हणता येत नाही.

आणखी एक मुद्दा. जागतिक व्यापार संघटनेत आपला देश अनेक वर्षे एक न्याय्य मागणी लावून धरीत आहे. गरिबांसाठी सरकारने हमीभावाने धान्य घेऊन साठवावे, आणि १९८६-८८ च्या जुन्या भावांवर बेतलेल्या मर्यादेने त्यात अडथळा आणू नये, अशी ती मागणी होय. २०१३ साली बाली येथे तात्पुरते संरक्षण मिळाले. कायमचा तोडगा फेब्रुवारी २०२४ च्या अबू धाबी परिषदेतही निघाला नाही. या कामी आपणांस ज्या लहान देशांचा पाठिंबा हवा, त्यांतील कित्येक धान्य विकत घेऊन खाणारे आहेत. भारताच्या कोठारात साठा असणे हे आपल्याही हिताचे आहे, असे त्यांस वाटले पाहिजे. ते केव्हा वाटेल? टंचाईच्या वर्षी त्या कोठाराचे दार त्यांच्यासाठी निदान फटीइतके तरी उघडे राहील, असा आधी ठरलेला नियम असेल, तेव्हा.

म्हणून काही नम्र सूचना आम्ही करतो. एक, बंदीच्या दिवसापूर्वी झालेला व नोंदलेला सौदा, पतपत्र असो वा नसो, पुरा होऊ द्यावा. सौद्यांची सरकारी नोंद आधीपासून ठेवली तर खोटे जुने सौदे दाखविणाऱ्यांसही आळा बसेल. दोन, एकदम बंदी घालण्याऐवजी, देशात भाव अमुक पातळीस गेले तर अमुक टक्के निर्यात कर, असा तक्ता हंगामाच्या आरंभीच जाहीर करावा. मग शेतकरी, व्यापारी आणि परदेशी गिऱ्हाईक तिघेही आपापला अंदाज बांधतील. तीन, शेजारी देश आणि आपल्या धान्यावर अवलंबून असलेले गरीब देश यांच्यासाठी दरवर्षी काही कोटा राखून ठेवावा, आणि तो टंचाईच्या वर्षीही मोडू नये, मग तो लहान असला तरी चालेल. जून २०२२ मध्ये जिनिव्हा येथे सर्व राष्ट्रांनी मान्य केले की, जागतिक अन्न कार्यक्रम मानवतेच्या कामासाठी जे धान्य घेईल त्यावर निर्यातबंदी लावू नये. आमची सूचना त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे. या व्यवस्थेस खर्च येईल, आणि एखाद्या वर्षी घरात भाव दोन पैसे चढे राहतील, हे आम्ही जाणतो. पत राखण्यास खर्च येतोच. तो न करणाऱ्या पेढीची हुंडी बाजारात फार दिवस चालत नाही.

सरकारास सूचना करून आपण मोकळे होणे मात्र शोभणार नाही. आमच्या मंडळाने आपल्या सभासदांच्या गोदामांतील साठ्याचे खरे आकडे दर पंधरवड्यास स्वेच्छेने जाहीर करावेत, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत मांडण्याचा आमचा विचार आहे. बाजाराचा खरा आकडा सरकारास विश्वासाने मिळाला तर घाबरून दार लावण्याचा प्रसंग कमी येईल. काही बंधूंस हे रुचणार नाही. आकडा उघडा केला की नफा गेला, असे ते म्हणतील. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. थोडा नफा जाईल. परंतु अपरिग्रहाची शिकवण ज्यांनी लहानपणापासून ऐकली, त्यांनी निदान अन्नाच्या बाबतीत तरी एवढा तोटा सोसण्यास हरकत नसावी.

मिलोची ती भाकरी आमच्या नातवंडांस ठाऊक नाही, आणि ती त्यांस कधी खावी लागू नये, हीच प्रार्थना. जहाजाची वाट पाहणाऱ्या घरात वाढलेल्या आमच्या पिढीचे उरलेले कर्तव्य एवढेच की, आता दुसऱ्या कोणत्या घरात आपल्या जहाजाची वाट पाहिली जात आहे, याचे स्मरण बाजारास आणि राज्यकर्त्यांस देत राहावे. सुज्ञ वाचकांनी या विचारांतील उणे ते आमचे समजून सोडून द्यावे, आणि आगामी सभेतील ठरावास पाठिंबा द्यावा, अशी विनंती करून आम्ही येथेच थांबतो.